क्रूझचं तिकीट काढण्याआधी

मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजांमुळे क्रूझ मराठी घरांच्या बेतात आली. पण बहुतेक जण तिकीट काढतात ते हॉटेलची खोली समजून, आणि पुढच्या बऱ्याच निराशा तिथूनच सुरू होतात. क्रूझ हे आधी जहाज आहे.

पहिली धास्ती बोट लागण्याची. आईला गाडी लागते म्हणजे तिला क्रूझ झेपणारच नाही, असं अनेकांनी ठरवून टाकलेलं असतं. खरं तर मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. डाव्या-उजव्या अंगाला होणारं डोलणं ते बरंच आवरतात, मात्र पुढचं टोक वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही. ही हालचाल दोन्ही टोकांना जास्त आणि मध्यभागी सर्वांत कमी असते. जितकं वर जावं तितकं डोलणंही अधिक जाणवतं. त्यामुळे टोकाची, उंचावरची, बाल्कनीची महाग खोली अशा माणसासाठी सर्वांत गैरसोयीची. आईसाठी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, बहुधा स्वस्तच असलेली खोली घ्यावी.

मळमळ होते ती आतल्या कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते म्हणून. तेव्हा खोलीत पडून राहण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावं. गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधीच घ्यावी. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे पहिल्या सफरीला हिवाळा बरा.

‘एकदा पैसे भरले की सगळं त्यातच’ हेही अर्धसत्य. खोली, नेहमीचं जेवण आणि बहुतेक कार्यक्रम तिकिटात येतात. दारू, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली आणि जहाजावरचा डॉक्टर यांचे पैसे सहसा वेगळे. अनेक परदेशी कंपन्या कर्मचाऱ्यांची टिप दर माणशी, दर दिवशी हिशेबात धरतात. भर समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि साधा रोमिंग पॅक तिथे बहुधा चालत नाही, म्हणून जहाज सुटताच फ्लाइट मोड लावावा. चहाची इलेक्ट्रिक किटली घरीच ठेवा. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर ती काढून घेतात.

सर्वांत मोठा घोटाळा बंदरांचा. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिव्हिटावेकियाला, रोमपासून सुमारे 70 किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर, तेही शहरापासून असंच लांब. आठ तासांच्या थांब्यातले तीन तास येण्याजाण्यातच जातात. लक्षद्वीपला प्रवाळ खडकांमुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यातच उभं राहतं आणि बेटावर छोट्या बोटीने जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी हलत्या बोटीत उतरण्याची तयारी आधीच विचारात घ्यावी. समुद्र बरा नसेल तर कॅप्टन तो थांबा रद्दही करतो, आणि त्याचं ते बरोबरच असतं.

जहाज आपल्यासाठी थांबेल, या भरवशावर कोणी राहू नये. कंपनीने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर कंपनी जबाबदारी घेते. स्वतःच्या टॅक्सीत अडकलात तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. जहाजाचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ यांत फरक असू शकतो, म्हणून उतरतानाच परतीची वेळ विचारून घ्यावी.

व्हिसाबद्दलही असंच. अथेन्सहून निघालेलं जहाज तुर्कस्तानात कुशादासीला थांबून पुन्हा ग्रीसमध्ये आलं, की तो शेंगेन क्षेत्रात दुसरा प्रवेश धरला जातो. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे पुरत नाही.

आणि सुरक्षा ड्रिल. तो सोपस्कार आहे असं समजून ते टाळणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. 13 जानेवारी 2012 रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिव्हिटावेकियाला चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमाने त्यासाठी 24 तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला आणि ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे जमण्याच्या जागी पोहोचायचं. ती जागा खोलीच्या दारामागे लिहिलेली असते. मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन पहिल्याच दिवशी तिथवर एकदा जिन्याने चालत जाऊन या, लिफ्टने नको.