जंतू सगळीकडेच असतात, मग जपायचे कशाला?

सूक्ष्मजीवांच्या संग्रहांबद्दलचा एक नेहमीचा गैरसमज हा. चिमूटभर मातीत असंख्य जीवाणू असतात, हे खरे. पण संशोधकाला ‘कोणताही जीवाणू’ चालत नाही. ज्यावर आधी काम झाले, नेमका तोच स्ट्रेन, म्हणजे त्याच वंशाचा जीवाणू, लागतो.

1966 मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हा जीवाणू वेगळा केला. एवढ्या कढत पाण्यात जीव तग धरतो कसा, हे निव्वळ कुतूहल त्यामागे होते. त्यांनी तो एटीसीसी या संग्रहाकडे जतनासाठी दिला. पुढे सीटस कंपनीने तो तिथूनच 35 डॉलरला मागवला आणि त्याच्या उष्णता सोसणाऱ्या एन्झाइममुळे डीएनएच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर तंत्र जगभर वापरता आले. कोविडच्या काळात नाका-घशातले नमुने तपासायला हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्या जीवाणूची नळी जपली गेली नसती, तर कंपनीने मागवले काय असते?

‘आपल्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवले की झाले’ हा समज संशोधकांतही आढळतो. तो महागात पडतो. प्राध्यापक निवृत्त होतात, प्रकल्पाचा निधी संपतो, आणि नळ्यांवरची चिठ्ठी वाचणारे कुणी उरत नाही. अख्खा संग्रहही नाहीसा होऊ शकतो. फ्रांटिशेक क्राल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रागमध्ये जगातला पहिला सार्वजनिक जीवाणू-संग्रह उभारला. त्यांच्या मृत्यूनंतर तो व्हिएन्नाला गेला. त्यातला काही भाग पुढे अमेरिकेत पोहोचला आणि व्हिएन्नात राहिलेला बहुतेक भाग दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. मुख्यतः जे देशाबाहेर गेले होते, तेच टिकले.

म्हणूनच आज जीवाणूच्या नव्या प्रजातीचे नाव अधिकृत व्हायचे असेल, तर तिचा जिवंत नमुना किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण आंतरराष्ट्रीय सहकार्य इथे सदिच्छेवर सोडलेले नाही. या संग्रहांची जागतिक संघटना 1970 पासून काम करते. कोणत्या संग्रहात काय आहे, याची नोंद ठेवणारे जागतिक माहिती केंद्र ऑस्ट्रेलियात सुरू झाले, मग जपानला गेले आणि आता चीनमध्ये आहे.

जनुकक्रम संगणकात आला, आता जिवंत नमुना कशाला, असेही विचारले जाते. 1915 मध्ये आमांशाने दगावलेल्या एका ब्रिटिश सैनिकाच्या शरीरातून मिळालेला जीवाणू ब्रिटनच्या एनसीटीसी या संग्रहात पहिल्या क्रमांकावर नोंदला आहे. शास्त्रज्ञांनी त्याचा पुन्हा अभ्यास करून 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेनिसिलिनचा शोध 1928 चा. हा जीवाणू मात्र त्याआधीपासूनच पेनिसिलिनला दाद देत नव्हता. 1915 मध्ये जनुकक्रम वाचता येत नव्हता. जिवंत नमुना राहिला, म्हणूनच तो औषधाला दाद देत होता का, हा प्रश्न शंभर वर्षांनी विचारता आला.

सूक्ष्मजीवाच्या पेटंटसाठी त्याचा नमुना संग्रहात जमा केला की पेटंट मिळाले, असेही नाही. पेटंट द्यायचे की नाही, हे पेटंट कार्यालय ठरवते. 1977 च्या बुडापेस्ट करारामुळे एवढे झाले की एका मान्यताप्राप्त संग्रहात नमुना ठेवला की सगळे सदस्य देश तो ग्राह्य धरतात. तो किमान 30 वर्षे जपणे बंधनकारक असते. भारत 2001 मध्ये या करारात सामील झाला. चंडीगडच्या संग्रहानंतर पुण्यातल्या एका संग्रहालाही 2011 मध्ये ही मान्यता मिळाली.

घातक जंतू कुणालाही पोस्टाने मिळतात, ही भीती निराधार आहे. मागणारी संस्था आणि तिथली सुरक्षा तपासल्याशिवाय ते दिले जात नाहीत.

आणि ‘सूक्ष्मजीव कुणाच्याच मालकीचे नसतात’? सीटसने पीसीआरचे हक्क 30 कोटी डॉलरना विकले. यलोस्टोनच्या पदरी काही पडले नाही. 2014 मध्ये अमलात आलेला नागोया करार लाभाचा वाटा मूळ देशाला मिळावा यासाठीच आहे. ही अट न्याय्यच आहे, पण परवानगीचे कागद वर्षानुवर्षे अडकता कामा नयेत.

लोणारच्या पाण्यातून किंवा शेतातल्या मातीतून तुम्ही एखादा स्ट्रेन वेगळा केला असेल, तर प्रबंध सादर होण्याची वाट पाहू नका. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संग्रह आहे, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही आहे. आजच तिथे नमुना जमा करा.