पत्रिकेच्या कोऱ्या जागेवर रंगाची झाक का येते? दोष प्लेटचा, शाईचा की पाण्याचा?

ऐन लग्नसराईत केडगावातल्या एखाद्या ऑफसेट प्रेसमध्ये हजार पत्रिकांचं काम सुरू आहे, असं समजा. पहिले दोनशे कागद स्वच्छ निघतात. मग कोऱ्या जागेवर फिकट गुलाबी झाक दिसू लागते. मशीनमन म्हणतो प्लेट खराब, प्लेट बनवणारा म्हणतो शाई खराब. ग्राहक संध्याकाळी येणार आहे आणि वाया गेलेल्या कागदाचा भुर्दंड प्रेसवाल्याच्याच माथी बसणार आहे.

ऑफसेटमध्ये पाणी कशाला?

ऑफसेटच्या प्लेटवर अक्षरं उठावाची नसतात. छपाईची जागा आणि कोरी जागा जवळपास एकाच पातळीवर असते. कोरी जागा पाणी धरते, अक्षरांची जागा तेलकट शाई धरते. आलॉइस झेनेफेल्डरनं 1796 च्या सुमारास दगडावर शोधलेलं शिळाछापाचं हेच तत्त्व. राजा रविवर्मा यांच्या 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रेसमधली देवदेवतांची चित्रंही त्यावरच छापली गेली. आता दगडाऐवजी ॲल्युमिनियमची प्लेट आली, इतकंच. पाणी आणि शाईचा तोल बिघडला की कोरी जागाही शाई धरते.

आधी प्लेट पुसून पाहा

मशीन थांबवून ओल्या स्पंजनं प्लेटची कोरी जागा पुसा. झाक सहज निघाली आणि मशीन सुरू करताच परत आली, तर शाईचे बारीक कण पाण्यात मिसळत आहेत. पाण्याच्या ट्रेमध्येही रंग दिसेल. पाणी जास्त सोडलं, शाई गरजेपेक्षा पातळ केली किंवा धुतल्यावर रोलरवर साबण, वॉश राहिला, तर असं होतं.

पुसूनही डाग निघत नसेल, तर कोऱ्या जागेची पाणी धरण्याची ताकद गेली आहे. पाणी कमी पडणं, डॅम्पिंग रोलर मळणं, रोलरचा दाब जास्त असणं किंवा ट्रेमधल्या पाण्याचा पीएच बिघडणं ही त्याची नेहमीची कारणं.

पाणी कुठलं भरलं?

अहिल्यानगर शहराला मुळा धरणाचं पाणी येतं. नळ आला नाही की बोअरवेल किंवा टँकरचा आधार घ्यावा लागतो. काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी अनेकदा क्षारांचं असतं. पातेल्यात पांढरा थर धरणारे हेच क्षार रोलरवर बसतात आणि पीएचही वर ढकलतात. शीटफेड मशीनवर तो साधारण 4.5 ते 5.5 ठेवतात. पीएच कागदाच्या पट्टीनं मिनिटभरात कळतो. मात्र घाबरून फाउंटनचं केमिकल जास्त ओतू नये. आम्ल वाढलं की शाई सुकायला वेळ लागतो.

प्लेट खरंच दोषी कधी?

नवी प्लेट पहिल्या कागदापासूनच सगळीकडे झाक देत असेल, तर एक्स्पोजर कमी पडलं असेल किंवा डेव्हलपर जुना झाला असेल. मशीन थांबून पुन्हा सुरू केल्यावर बारीक ठिपके आले, तर प्लेटवर पाणी सुकून ॲल्युमिनियम गंजलं आहे. म्हणून जेवणाच्या सुट्टीआधी प्लेटला डिंक लावायचा. प्लेटचा निळा किंवा हिरवा लेप छपाईत थोडा फिका पडला, तर तेवढ्यावरून ती खराब ठरत नाही.

रंगच मळला तर?

काळ्यानंतर पिवळा चढवला आणि तो हिरवट आला, तर आधीची शाई रोलरवर राहिली आहे. गडद रंगाकडून फिक्याकडे जाताना रोलर दोनदा धुवावे लागतात. शक्य असेल तर फिका रंग आधी छापावा.

नवी प्लेट मागवण्यापूर्वी स्पंजची चाचणी घ्या, ट्रेमधलं पाणी बदला, पीएच बघा आणि रोलर धुवा. एवढं करूनही झाक राहिली, तरच प्लेट बदला. नाहीतर त्याच पाण्यावर नवी प्लेटही थोड्या वेळात तशीच झाक देईल.