पाळणाघराचा हिशेब

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या बाजारपेठेतील आपल्या घरांकडे पाहिले, तर एका पिढीत झालेला बदल सहज ध्यानी येतो. पूर्वी दुकानामागच्या चौकात आजी, मोठ्या काकू, माहेरी आलेली आत्या अशी माणसे असत आणि मूल एकीच्या मांडीवरून दुसरीच्या कडेवर जात वाढे. आज धाकटी पाती पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झाली आहे, आजींना गुडघ्यांमुळे मुलामागे धावणे होत नाही आणि सून शाळेत, बँकेत, कर सल्लागाराच्या कार्यालयात किंवा स्वतःच्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसते. हळदीचा हंगाम सुरू झाला की घरात एकही हात मोकळा उरत नाही. मग गल्लीतील एखाद्या ताईंच्या घरी मूल सकाळी पोचवले जाते आणि सायंकाळी आणले जाते. दारावर पाटी नसते, पण तेच आपले पाळणाघर.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी परिसरात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून थोरली मुलगी शाळेत येत नाही, हे त्यांनी जाणले होते. धाकट्याला सुरक्षित जागा मिळाली की थोरलीचे शिक्षण सुटते ते टळते, असा तो सरळ विचार होता. आज आपल्या सुनांच्या बाबतीतही प्रश्न तोच आहे.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊन मुलाला भेटण्याची मुभा दिली. परंतु आपल्या आडती आणि दुकानांत पन्नास माणसे कोठून असणार? अंगणवाडी आहे, पण तिची वेळ काही तासांची आणि दुकानाची वेळ दिवसभराची. म्हणून छोट्या गावात भिस्त राहते ती घरगुती पाळणाघरावर. तेथे तपासणीला कोणी अधिकारी क्वचितच येतो. तपासणी करायची ती आपणच.

ती न झाल्यास काय होऊ शकते, हे नोव्हेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण सीसीटीव्हीच्या चित्रणातून उघडकीस आली. त्यानंतर कॅमेऱ्यांची मागणी सर्वत्र वाढली. कॅमेरा उपयोगी आहे. मात्र तो घडून गेलेली गोष्ट दाखवतो. ती घडू नये यासाठी आधीच काही पाहावे लागते.

दराचे गणित

बँकेत कर्जप्रकरणे हाताळताना आम्हांला एक शिकवण मिळे : व्याजदराआधी परतफेडीची क्षमता पाहा. पाळणाघराबाबतही दराआधी क्षमता पाहावी. येथे क्षमता म्हणजे एका बाईच्या दोन हातांना किती मुले सांभाळणे शक्य आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. एखाद्या ताईंना घर चालवण्यासाठी महिन्याला बारा हजार रुपये लागतात. आपण घासाघीस करून दर पंधराशेवर आणला, तर त्यांना आठ मुले घ्यावी लागतील. तीन हजार दिले, तर चार मुलांत भागेल. आठ मुलांत दोन रांगती, एक आजारी आणि एक सतत रडणारे असेल, तर त्या ताई कितीही मायाळू असल्या तरी दुपारपर्यंत त्यांचा संयम आणि लक्ष दोन्ही संपते. अपघात त्याच वेळी होतो. आपण व्यापारी माणसे मालाचा भाव पाडण्यात कुशल आहोत. पण येथे भाव पाडला की आपल्याच मुलाच्या वाट्याचे लक्ष कमी होते. पंधराशे रुपयांची ही बचत खरे तर बचत नव्हे.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा : एकूण मुले किती, त्यांपैकी दोन वर्षांखालील किती, आणि मदतीला दुसरे कोण? केंद्र सरकारच्या पाळणा योजनेतही सेविकेच्या जोडीला मदतनीस असते, त्याचे कारण हेच. एकीला न्हाणीघरात जावे लागले तरी मुलांपाशी दुसरी हवी.

स्वयंपाकघर पाहतो, मोरीही पाहावी

आपल्या घरांत पाळणाघर निवडताना प्रथम स्वयंपाकघराची चौकशी होते. ती रास्तच आहे. कंदमूळ नको, सूर्यास्तापूर्वी जेवण हवे, हे ताईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. शक्यतो कागदावर लिहून द्यावे. मऊ भातात बटाटा कुस्करणे अनेक घरांत सहज घडते. त्यात त्यांचा दोष नसतो. मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, केळे असे डब्यात दिले की प्रश्नच उरत नाही. मध आपल्याकडे अहिंसेच्या विचाराने वर्ज्य. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, असे वैद्यकशास्त्रही सांगते. मात्र इतर मुलांच्या डब्याविषयी तुच्छतेचा शब्द आपल्या मुलाच्या तोंडी येणार नाही, हेही पाहावे.

परंतु स्वयंपाकघर पाहून आपण परततो आणि मोरी पाहावयाची राहते. मराठवाड्यात पाणी साठवावे लागते, त्यामुळे घरोघरी भरलेल्या बादल्या, टाक्या आणि हौद असतात. बादलीत वीतभर पाणी असले, तरी डोके खाली गेलेले रांगते मूल स्वतः बाहेर येऊ शकत नाही. त्याला ओरडताही येत नाही. झाकण, कडी आणि रिकामी करून पालथी घातलेली बादली, एवढ्याने हा धोका टळतो.

त्याच फेरीत आणखी काही गोष्टी पाहाव्यात. जिन्याला आणि गच्चीला दार आहे का? फिनेल, रॉकेल, उंदराचे औषध, आजोबांच्या गोळ्या उंचावर आहेत का? गरम चहाची किटली आणि इस्त्री मुलांच्या हाती लागत नाही ना? शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, नाणी आणि गोल चपट्या बॅटऱ्या लहान मुलांच्या घशात अडकतात. त्या जमिनीवर नकोत. एक वर्षाखालील बाळाला पाठीवर निजवावे, तोंडाजवळ उशी किंवा सैल कापड ठेवू नये. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी वीज गेली तर मुले कोठे बसतात, हेही विचारून घ्यावे.

एक प्रश्न संकोचामुळे टाळला जातो : दुपारी घरात आणखी कोण कोण असते? तो अवश्य विचारावा. सज्जन कुटुंब त्याने दुखावत नाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा तर अशी घटना कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक करतो. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, घरातील दोघांच्या भ्रमणध्वनींसह, पाळणाघराच्या भिंतीवर लावलेला असावा.

मूल आनंदात आहे का?

सुरक्षित असलेले मूल आनंदी असेलच असे नाही. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत आईपासून दूर होताना मुले विशेष रडतात. हे वाढीचेच लक्षण आहे. पहिला आठवडा आईने किंवा आजीने सोबत बसावे, मग तासाभराने, मग अर्ध्या दिवसाने वेळ वाढवावी. नजर चुकवून निघून जाऊ नये. “मी सायंकाळी येते” असे सांगून जावे आणि सांगितल्या वेळी यावे. दोन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण दिलेला शब्द पाळला गेला हे कळते.

घरचे एखादे पांघरूण किंवा खेळणे सोबत द्यावे. दिवसभर दूरचित्रवाणी किंवा मोबाइलपुढे बसवलेले मूल शांत दिसते, त्याचा अर्थ ते रमले असा नव्हे. चमचे-वाट्या, ठोकळे, माती, गाणी आणि गोष्टी यांना खर्च येत नाही. रडणे काही दिवसांत ओसरते. मात्र मूल त्या दाराशीच ताठरत असेल, झोपेत दचकत असेल, खाणे सोडत असेल किंवा अंगावर कारण न सांगता येणारे वळ दिसत असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

यासाठी एक छोटी वही पुरते : किती वाजता आले, काय खाल्ले, किती झोपले, कोठे लागले. दोन ओळींची ही नोंद रोज सायंकाळी वाचावी. मधूनच, न सांगता, भर दुपारी जाऊन यावे. बँकेतही अचानक तपासणी होई आणि प्रामाणिक रोखपालाला तिची भीती नसे. जेथे दुपारी दार उघडण्यास टाळाटाळ होते, तेथे मूल ठेवू नये.

ताईंच्या बाजूने

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ताईंना ताप आला तर? घरात लग्न निघाले तर? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर ठरलेले नसते, म्हणून त्या आजारपणातही मुले घेतात आणि ते आजारपण मुलांच्या घरी जाते. महिन्यातून दोन सवेतन सुट्ट्या, ठरल्या तारखेला पैसे, सायंकाळी उशीर झाल्यास त्याचा वेगळा मोबदला आणि आजारी मूल न पाठवण्याचे आपले वचन, हे आधीच ठरवावे. मुलांसमोर त्यांना “बाई” अशी हाक न मारता ताई किंवा मावशी म्हणावे. ज्या घरात त्यांचा मान राखला जातो, त्या घरातील अडचण त्या मोकळेपणाने सांगतात. आणि किरकोळ अपघात लपवला न जाणे हीच मोठी सुरक्षितता आहे.

एका गल्लीतील चार घरांनी एकत्र बसून हे ठरवले, तर काम सोपे होते. चौघांनी मिळून जिन्याला दार बसवून द्यावे, मदतीच्या मुलीचा पगार वाटून घ्यावा आणि पाचवे-सहावे मूल घेऊ नये अशी विनंती योग्य दर देऊन करावी. या दिवाळीला नव्या वह्या आणताना त्यांतील एक वही ताईंच्या घरी पोचती करावी.