'ते लोक' म्हणजे कोण?

"आई, ते लोक आपल्यासारखे नसतात ना गं?" शाळेतून आलेल्या सहा वर्षांच्या मुलाने दप्तर टाकता टाकता विचारलं आणि आईच्या हातातलं लाटणं थांबलं. हे आलं कुठून? पुष्कळदा उत्तर घरातच सापडतं. बातम्या बघताना आपण मारलेला शेरा मूल नेमका टिपतं.

अशा वेळी 'गप्प बस' म्हणून भागत नाही. 'सगळे धर्म सारखेच' हेही अर्धंच उत्तर, कारण मुलांना फरक दिसतोच. गुरुद्वारात डोकं झाकावं लागतं. जैन मैत्रीण डब्यातला कांदा-बटाटा खात नाही. पारशांच्या अग्यारीत तर इतरांना प्रवेशच नसतो. 'तो त्यांचा नियम, आपण बाहेरूनच नमस्कार करायचा,' एवढं सांगितलं की मुलाला पटतं. वेगळं म्हणजे वाईट नव्हे, हा पहिला धडा.

पुढचा धडा कृतीतून द्यावा. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरमधल्या जत्रेत सगळ्याच धर्मांचे लोक मेणबत्त्या वाहतात. मुलांना तिथे न्या. ईदला शेजारून शीरखुर्मा आला, तर दिवाळीचा फराळ मुलाच्याच हाती तिकडे पाठवा. १९७६ साली राज्यघटनेत आलेल्या मूलभूत कर्तव्यांत धर्मभेदापलीकडचा बंधुभाव वाढवणं हेही आहेच. त्याची सुरुवात फराळाच्या ताटापासून का होऊ नये?

त्या आईने रविवारी मुलाच्या वर्गमित्राला खेळायला बोलावलं. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, पण पहिली बॅटिंग कुणाची यावरून!