नवतप्याआधी येणारी सावली

बसा रे पोट्टेहो, इकडे बाजेवर बसा. नागपूरहून आणलेल्या ऑर्किडच्या कुंडीला ऊन किती द्यायचं, असं तुम्ही मला विचारलं. त्याचं उत्तर सांगण्याआधी मोहाची गोष्ट ऐका, कारण वर्षभर ऊन कसं द्यावं हे मोहाकडूनच शिकायचं आहे.

विदर्भाच्या रानात मोहाच्या नाहीतर आंब्याच्या जुन्या खोडावर, फांदीच्या बेचक्यात, जाड पट्ट्यांसारख्या पानांचं एक झुडूप चिकटलेलं दिसतं. खाली पांढरट मुळं हवेत लोंबत असतात. लोक त्याला बांडगूळ समजतात, पण ते बांडगूळ नाही. बांडगूळ झाडात मुळी खुपसून त्याचा रस पितं. हे मात्र झाडाकडून फक्त जागा घेतं. पाणी घेतं पावसाचं आणि दवाचं, आणि अन्न स्वतः उन्हात तयार करतं. हीच आपली रानातली ऑर्किड, म्हणजे आमरी. शास्त्रज्ञ तिला व्हँडा टेसेलाटा म्हणतात. काही भागांत वैद्य तिची मुळं रास्ना म्हणून वापरतात. उन्हाळ्यात तिला पिवळट-तपकिरी, चौकडीच्या नक्षीची सुगंधी फुलं येतात.

आता हिचं वर्ष कसं जातं ते पाहा. मृग लागला की आभाळ भरून येतं आणि मोह पानांनी गच्च असतो. वर ढग, खाली दाट पानं, म्हणजे आमरीला उजेड थोडाच मिळतो. पण पाणी भरपूर असतं. तिच्या मुळांवर मेलेल्या पेशींचा एक जाड थर असतो. कोरडा असताना तो चंदेरी दिसतो, आणि पावसाचा थेंब पडला की पाणी शोषून पारदर्शक होतो. मग आतला हिरवा रंग बाहेर दिसतो. हो, या मुळांतसुद्धा हरितद्रव्य आहे! पानांसारखी तीही उजेडात अन्न बनवतात. पावसाळ्यात आमरी नवी मुळं सोडते, नवी पानं काढते.

हस्त संपतो, आभाळ स्वच्छ होतं. सूर्य दक्षिणेकडे सरकू लागतो. आपलं राळेगाव साधारण 20.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त 46 अंश वर येतो. दिवसही जेमतेम अकरा तासांचा. ते तिरपं ऊन मोहाच्या पानांखालून शिरतं आणि खोडावर बसलेल्या आमरीला बाजूने शेकतं. हवा थंड असते, म्हणून ते ऊन तिला सोसतं.

मग येतो फेब्रुवारी. मोहाची पानं गळायला लागतात आणि झाड उघडं पडतं. आमरीला वर्षातला सगळ्यात जास्त उजेड याच दिवसांत मिळतो, आणि हवा अजून भट्टी झालेली नसते. ती या दिवसांत मनसोक्त अन्न साठवून घेते. पुढे मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, पहाटे बायामाणसं टोपल्या घेऊन फुलं वेचायला जातात, त्या वेळी वर फांद्या अजून बोडक्याच असतात.

आणि नेमकं यानंतर काय होतं ते ऐका. फुलं सरली की, एक थेंब पाऊस नसताना, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, मोहाला तांबूस कोवळी पालवी फुटते. साग अजून उघडाच असतो, पण मोहावर मे महिन्यात पुन्हा सावली आलेली असते. 22 मेच्या आसपास राळेगावात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वावरात सरळ काठी रोवली तर तिची सावली पडत नाही. तीनच दिवसांनी, 25 मेला, सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो. म्हणजे वर्षातलं सगळ्यात उभं, सगळ्यात जाळणारं ऊन येण्याच्या जरा आधीच मोह आमरीवर सावली धरतो.

मोहाला आमरीची काळजी असते का? नाही रे बापू. मोह ते स्वतःसाठी करतो. त्याची मुळं खोल जातात, तिथली ओल त्याला उन्हाळ्यातही मिळते. पाऊस येईल तेव्हा पानं तयार हवीत, म्हणून तो आधीच पालवतो. आमरीची कथा वेगळी. तिचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठाच नसतो. ठरावीक बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या हे 1899 साली लक्षात आलं. हजारो बिया वाऱ्याने उडतात. ज्या उघड्या फांदीवर पडतात त्या उन्हात संपतात. ज्यांना बुरशी, ओल आणि योग्य वेळी सावली, तिन्ही सापडतात, त्यांतली एखादी टिकते. मोहावर दिसणारी आमरी ही अशी टिकलेली आहे. म्हणून रानातली आमरी कधी ओरबाडून आणू नये, ती तिथवर पोचायला फार वर्षं लागलेली असतात.

आता तुम्ही विचाराल, वाळवंटातल्या निवडुंगाला चालतं ते ऊन आमरीला काहून सोसत नाही? तिची पानं दिवसा छिद्रं मिटून घेतात, पाणी वाचावं म्हणून. ती रात्री श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेड आला की त्याची साखर करतात. युक्ती मोठी छान आहे, पण तिची किंमतही आहे. छिद्रं बंद म्हटल्यावर घाम नाही, आणि घाम नाही तर पान थंड होत नाही. निवडुंग उघड्यावरच वाढलेला असतो, त्याचं खोड जाड, पाण्याने भरलेलं असतं आणि तेवढा ताप सोसायला ते तयार असतं. आमरीची त्या मानाने पातळ पट्टी थेट उन्हात हवेपेक्षाही बरीच जास्त तापते. 44 अंशांच्या दुपारी तिच्या पेशी भाजतात. आधी पांढुरका डाग, मग काळा.

तुमच्या कुंडीकडे वळू. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. तुम्ही आणलेली फॅलेनॉप्सिस आग्नेय आशियाच्या ओलसर जंगलांच्या सावलीतून आलेली, तिला 10 ते 15 हजार लक्स पुरतात. डेंड्रोबियमला 20 ते 30 हजार लागतात, व्हँडाला त्याहूनही जास्त. दुपारी हात कुंडीच्या वर धरा. सावलीची कडा काळी, धारदार असली तर ऊन फार. सावली मऊ, पण हाताचा आकार कळतो, तर फॅलेनॉप्सिससाठी ठीक. सावलीच दिसत नसेल तर उजेड कमी. पानं गडद हिरवी, लांबट झाली तरी तेच समजा, अशा झाडाला फूल येणं कठीण. पिवळट-हिरवं पान चांगलं, लालसर छटा आली की थोडी सावली वाढवायची. मात्र उजेड बदलायचा तो हळूहळू, आठ-दहा दिवसांत.

फेब्रुवारी ते एप्रिल, पूर्वेच्या ओसरीवर सकाळचं ऊन, वर 50 टक्के सावलीची जाळी. रोहिणीत ती जाळी दुहेरी करा आणि पश्चिमेचं ऊन पूर्ण बंद. दुपारच्या दोन-तीन वाजताची हवा आणि ऊन एकत्र आले की झाड वाचत नाही. मृगात ढग आले की जाळी काढा, नाहीतर पावसाळाभर झाड उजेडाला भुकेलं राहील. पण 21 जुलैच्या सुमारास सूर्य पुन्हा डोक्यावर असतो. त्या दिवसांत अचानक ऊन पडलं तर कुंडी ओसरीत घ्यायची.

पुष्कळ झाडं ऑक्टोबरमध्ये भाजतात. पावसाळ्यात पानं कोवळी झालेली असतात आणि आभाळ एका आठवड्यात उघडतं. हस्त संपायच्या आधीच जाळी पुन्हा लावा. डिसेंबरात दक्षिणेची ओसरी वापरा. तेव्हा सूर्य 46 अंशांवर असतो, म्हणून छताची कडा जेवढी उंच, साधारण तेवढं आत ऊन येतं. फॅलेनॉप्सिसला तुरा काढायला थंड रात्रही उजेडाइतकीच लागते, तेव्हा तिला पूर्ण बंद खोलीत कोंडू नका. संक्रांत झाली, ऊन मागे सरकू लागलं की कुंडीही तशीच ओसरीच्या कडेकडे सरकवत न्या. तोपर्यंत मोहाची पानं पिवळी पडू लागलेली असतील.