मोजे बाईचे, बाजार कुणाचा?

आज एका लांबच्या बंदराची गोष्ट सांगते. बंदर लांबचं, पण प्रश्न आपल्या गटाच्या बैठकीतलाच आहे. माल बाईच्या हातचा असतो, मग बाजारात जातं कोण आणि पैसे मोजतं कोण?

स्कॉटलंडच्या उत्तरेला भर समुद्रात शेटलंड नावाची बेटं आहेत. सगळी मिळून वस्ती सुमारे २३ हजार. त्यांतलं मोठं गाव लर्विक, तिथे ७ हजारांच्या आसपास माणसं राहतात. उन्हाळ्यात तिथे रात्रीसुद्धा पुरता अंधार पडत नाही. गावासमोर ब्रेसे नावाचं बेट आडवं पसरलंय. त्याच्या आडोशाला वाऱ्यावादळात जहाजं सुखरूप राहतात.

२०२३च्या जुलैत, २६ ते २९ तारखेला, या बंदरात उंच डोलकाठ्यांची शिडाची जहाजं उतरली. १९९९ आणि २०११ मध्येही असाच ताफा आला होता. या जहाजांची शर्यत १९५६ पासून भरते. नियम असा, की प्रत्येक जहाजावरची निम्मी तरी माणसं १५ ते २५ वयाची हवीत. मुलगे आणि मुली दोघंही दोर ओढतात, शिडं चढवतात, रात्रीचा पहारा देतात. आधी समुद्र पाहिलेला नसला तरी चालतं. आपल्या नौदलाचं ‘तरंगिणी’ हे शिडाचं जहाज गोव्याच्या गोदीत बांधलेलं. तेही २०१८ मध्ये युरोपातल्या या शर्यतींत उतरलं होतं.

ताफा आला की गावात जत्रा भरते. पण लर्विकला ताफ्यांची सवय आजची नाही. हे गावच मुळी परक्या गलबतांमुळे वसलं. चारशे वर्षांपूर्वी हॉलंडचे कोळी हेरिंग मासा धरायला दर उन्हाळ्यात इथे यायचे. २४ जूनला मासेमारी सुरू व्हायची. तोवर त्यांची गलबतं ब्रेसेच्या आडोशाला थांबायची. थंड समुद्रात काम करणाऱ्याला लोकरीचे मोजे लागतातच. बेटावर मेंढ्या होत्या आणि बायकांच्या हातात विणायच्या सुया होत्या. बायका मोजे विणून किनाऱ्यावर विकायला आणू लागल्या.

मग १६२५ मध्ये तिथल्या न्यायसभेने हुकूम काढला. किनाऱ्यावर दारू, भांडणं आणि वाईट चाल वाढली म्हणून तिथल्या झोपड्या पाडा. आणि बायकांनी मोजे विकायला तिथे जायचं नाही, नवऱ्याला, मुलाला नाहीतर गड्याला पाठवायचं. म्हणजे दंगा गलबतवाल्यांचा आणि बाजार बंद झाला बाईचा! विणायची बंदी मात्र कुणी घातली नाही.

पुढे दुसरी अडचण आली. बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालताही विणायच्या. विणलेला माल दुकानदार घ्यायचा, पण रोख पैसे द्यायचा नाही. त्या बदल्यात चहा, कापड असं दुकानातलंच सामान द्यायचा. भाव त्याचा आणि हिशेबाची वहीही त्याचीच. घरात पीठ हवं असलं तरी पदरात चहाच पडायचा. मग तो चहा शेजारणीला देऊन पीठ मिळवायचं. १८७२ मध्ये सरकारने या व्यवहाराची चौकशी केली. तेव्हा विणणाऱ्या बायकांनी स्वतः पुढे येऊन साक्षी दिल्या.

पुढे हेरिंगचा धंदा भरभराटीला आला, तेव्हा बंदरावर बायका तिघी-तिघींच्या जोडीने काम करायच्या. दोघी मासा चिरून साफ करायच्या, तिसरी तो मीठ घालून पिंपात रचायची. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, तरी चिरलेल्या बोटांना मीठ झोंबायचंच. ताफा त्यांच्या कष्टावर उभा होता.

आज शेटलंडचं विणकाम जगात नावाजलेलं आहे. दरवर्षी तिथे लोकरीचा खास आठवडा भरतो. लांबून लोक येतात आणि विणणाऱ्या बायका स्वतःच्या नावाने माल विकतात, शिकवतात. हात तेच आणि सुयाही त्याच. फरक पडला तो बाजाराची वाट मोकळी झाल्याने आणि पैसा रोख हातात आल्याने.

गलबतं येतात आणि चार दिवसांनी जातात. गावाकडे काय उरलं, हे त्या चार दिवसांत व्यवहार कुणाच्या हातात होता त्यावर ठरतं. म्हणून येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटाचा माल शेवटी कोण विकतं, भाव कोण ठरवतं आणि वही कुणाकडे असते, हे तिन्ही प्रश्न एकीने मोठ्याने विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा.