परवडणारे घर आणि राहण्याजोगे घर : गोखिवऱ्याच्या निमित्ताने

वसई रोड स्थानकातून पूर्वेस गोखिवऱ्याकडे निघाले की, तुंगारेश्वरचा डोंगर समोर दिसू लागतो. या डोंगराच्या पायथ्याकडील पाड्यांत कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली आणि वर कौले असलेली घरे पूर्वी सर्रास असत. आता त्यांची जागा चाळींनी आणि दाटीने उभ्या राहिलेल्या इमारतींनी घेतली आहे. सातिवली-वालीव भागातील कारखान्यांत काम करणारा कामगार आणि मुंबईत घर घेणे ज्याच्या आवाक्याबाहेर गेले आहे असा नोकरदार, असे दोघेही येथे निवारा शोधत आले.

वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. एवढ्या मोठ्या वस्तीला स्वस्त घर हवे होते आणि ते पुष्कळदा परवानगीवाचून बांधलेल्या इमारतीतच मिळाले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे अशाच एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. सुरक्षितता ही पहिली अट होय, याविषयी दुमत नाही. परंतु मजबूत घरही स्वस्त आहे की नाही, हे केवळ खरेदीच्या किमतीवरून ठरत नाही. त्या घरात राहण्यासाठी दरमहा किती खर्च येतो, हेही पाहावे लागते.

उकाडा कोठून येतो?

वसईचे हवामान उष्ण व दमट आहे. अशा प्रदेशात शरीरावरून वारा वाहता राहिला तरच घाम वाळतो आणि जिवाला बरे वाटते. दुसरीकडे, दिवसभर तापलेले काँक्रीटचे छत किंवा सिमेंटचा पत्रा उष्णता आत सोडत राहतो. शेवटच्या मजल्यावरील रहिवाशाला रात्री अकरा वाजताही पंखा गरम हवा देतो असे वाटते, त्याचे कारण हेच. मग तो दुसरा पंखा घेतो, पुढे हप्त्याने वातानुकूलन यंत्र घेतो आणि स्वस्त घराचे वीजबिल वाढत जाते.

या प्रश्नाचा तांत्रिक विचार झालेला आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता जाहीर केली. उष्ण-दमट प्रदेशात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सुमारे एक-षष्ठांश इतके क्षेत्र उघडता येईल अशा खिडक्या-झरोक्यांचे असावे, असे ती सांगते. या प्रमाणाचा अर्थ एका खोलीपुरता पाहू. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीस वीस चौरस फूट उघडी जागा हवी. तीन बाय चार फुटांची खिडकी बारा चौरस फुटांची भरते. पण ती सरकत्या काचांची असेल तर एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे हाती सहा चौरस फूट राहतात! बिजागरीची जुनी खिडकी पूर्ण उघडत असे. आपण ती जुनाट म्हणून काढून टाकली.

नियम आणि त्यांची मर्यादा

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत पर्यावरणपूरक इमारतींना वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक देण्याची तरतूद आहे. मानांकनानुसार हा लाभ ३, ५ अथवा ७ टक्के मिळतो. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात २० टक्के चटईक्षेत्र दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठी ठेवावे लागते. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात स्थानिक संस्थांच्या कामाचे मूल्यमापन पंचतत्त्वांच्या आधारे होते आणि त्यांतील ‘अग्नी’ या तत्त्वाखाली ऊर्जाबचतीचा विचार होतो.

तरतुदी चांगल्या आहेत. तथापि त्या मोठ्या भूखंडांसाठी आहेत. २०१८ ची इको-निवास संहिताही ५०० चौरस मीटर व त्यापुढील भूखंडांसाठीच होती. गोखिवऱ्यातील चाळीची खोली यांपैकी कोणत्याच जाळ्यात येत नाही, आणि उकाडा सर्वाधिक सोसणारे कुटुंब नेमके तेथेच राहते. आमच्या मते स्थानिक संस्थेचे खरे काम येथून सुरू होते.

हे काम फार खर्चाचे नाही. पावसाळा सरल्यावर गच्चीस किंवा पत्र्यास पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर ऊन परावर्तित होते. येथे पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. त्यामुळे चुना धुऊन जातो व दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, हे मात्र आधीच सांगितलेले बरे. ७५ वॅटचा जुना पंखा दिवसाला सोळा तास चालला तर महिन्यास ३६ युनिट वीज घेतो; ३० वॅटच्या नव्या पंख्यास साडेचौदा युनिटही लागत नाहीत. गृहनिर्माण संस्थेस जिन्यातील दिवे व पाण्याचा पंप यांसाठी सौर संच बसवायचा असल्यास, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दर किलोवॅटला १८,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. ही माहिती प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत व हिंदीत लागली, तर ती संस्थांच्या सभांपर्यंत पोहोचू शकेल.

महानगरपालिकेच्या हद्दीपलीकडे, पारोळ-शिरवली बाजूच्या ग्रामपंचायतींत प्रश्नाचे रूप वेगळे आहे. तेथे प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचे असते आणि ते लाभार्थी स्वतः बांधतो, ठेकेदार नव्हे. कातकरी कुटुंबांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरामागे दोन लाख रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. अशा घरात कुड गेला, वर पत्रा आला. घर पक्के झाले आणि उकाडाही वाढला, असे होऊ नये. पाया खोदण्यापूर्वी, पहिला हप्ता हाती पडतो त्याच आठवड्यात ग्रामपंचायत अधिकारी व सदस्यांनी जागेवर उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात : समोरासमोर दोन खिडक्या आहेत काय, पश्चिमेच्या भिंतीवर पडवीची सावली पडेल काय, आणि पत्र्याऐवजी कौले परवडतील काय. भिंती उभ्या राहिल्यावर खिडकी पाडून घेणे गरीब कुटुंबास जमत नाही.